कागदावरची भाडेकरू

१४ डिसेंबर

वाल्डी,

तू विमानतळावरून पाठवलेली मेल वाचली. उत्तर कागदावर लिहिते आहे. मेलला तू लगेच उलट उत्तर देतोस आणि मला विचार करायला वेळ लागतो. फोनवर तर तू एकटाच बोलतोस.

तुझी पहिली विचारणा तिकिटाच्या पावतीची होती. ती माझ्या गाडीत सापडली. तिच्या मागे तू दोन नावं लिहिली आहेस, पीटर नॉयफेल्ड आणि त्याचा मेहुणा. ते दोघं बाबांच्या अंत्यविधीला आले होते. चर्चच्या तळघरात पाव आणि चीज खाताना तू त्यांच्याशी त्यांच्या ट्रकांच्या कंपनीबद्दल बोललास. म्हणजे तू कॅल्गरीहून इथे आलास ते अशिलांना भेटायला, आणि तिकीट धंद्याच्या खर्चात गेलं. तुम्हा करसल्लागारांमध्ये हे चालत असेल. पावती सोबत ठेवली आहे. ती पाकिटात घालताना मला किळस आली. दुसरा शब्द शोधला, मिळाला नाही.

आता घर. एप्रिलमध्ये विकायला काढायचं आणि त्याआधी, मार्चअखेर, फ्रीडामावशीने ते रिकामं करायचं, असं तू लिहितोस. तिला द्यायची नोटीसही तू जोडली आहेस. 'श्रीमती एल्फ्रीडा उंगर, भाडेकरू, तळघरातील खोली.' तळघरात बटाटे आहेत, लोणच्याच्या बरण्या आहेत आणि बाबांच्या सॉसेजच्या दुकानातलं जुनं यंत्र आहे. आई गेल्यानंतर ती अकरा वर्षं वर राहिली, बाबांच्या खोलीत. हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि आपल्या गावातल्या कुत्र्यांनाही माहीत आहे.

बाबांच्या शेवटच्या दिवशी मी हिमवादळात हायवेवर अडकले होते, म्हणून हॉस्पिटलात काय झालं ते मी पाहिलं नाही. नर्सने सांगितलं. तिने तुला विचारलं, "या कोण?" आणि तू म्हणालास, "त्या आमच्या भाडेकरू." मग नर्सने नियमाप्रमाणे तिला बाहेर बसवलं. मी पोचले तेव्हा बाबा गेलेले होते. फ्रीडामावशी कॉफीच्या मशीनजवळच्या खुर्चीवर बसली होती. तिच्या मांडीवर त्यांचे बूट होते. तिने मला विचारलं, "आगाथा, आता तरी आत जाऊ देतील का ग?"

आणि परवा, अंत्यविधीला. आपण पुढच्या बाकावर बसलो आणि ती नव्हती. मला वाटलं मागे असेल. नंतर चर्चच्या तळघरात पाहिलं तर ती वाढणाऱ्या बायकांमध्ये, मोठ्या किटलीमागे उभी. स्वतःच्या माणसाच्या मातीला आलेल्यांना कॉफी ओतून देत होती. म्हाताऱ्या याकोब हिबर्टने कप पुढे केला आणि तो तसाच धरून राहिला.

"अगं, तू इथे काय करतेस? तुझी जागा पुढे."

"मी भाडेकरू आहे, याकोब. भाडेकरूला बाक नसतो. साखर एक की दोन?"

त्याने साखरेचे चार खडे उचलले आणि एकही कॉफीत टाकला नाही. आठवणी सांगायची वेळ आली तेव्हा तू उठलास आणि बाबा किती काटकसरी होते ते सांगितलंस. लोक हसले. तू चांगला बोलतोस.

वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत तूच लिहिलंस, 'दीर्घकाळच्या भाडेकरू व स्नेही एल्फ्रीडा.' मी तुला फोनवर म्हटलं होतं, निदान 'भाडेकरू' तरी काढ. तू म्हणालास, "सरकारी लोक वर्तमानपत्रं वाचतात, आगाथा."

नोटीस मी अजून दिलेली नाही. नाताळ होऊ दे.

आगाथा


६ जानेवारी

वाल्डी,

तू विचारलंस, म्हणून कळवते. नोटीस दिली.

ती पाव भाजत होती. हात पुसले, चष्मा लावला, उभ्याउभ्याच पूर्ण वाचली. मग म्हणाली, "पडदे ठेवायचे की काढायचे? मी शिवलेले आहेत, पण कापडाचे पैसे तुमच्या बाबांनी, हेन्रीने, दिले होते."

मी म्हटलं, "मावशी, पडद्यांचं राहू दे. तू जाणार कुठे?"

"विंक्लरला म्हाताऱ्यांच्या इमारतीत नाव घालीन. तिथे रांग मोठी आहे म्हणतात. कुणी मेलं की खोली मिळते." मग तिने ओव्हन उघडून पाहिला. "वाल्डीला राग नको येऊ देऊस. मुलगा हुशार आहे. त्याने आमचं भलंच पाहिलं."

तिचं हे ऐकून मला तुझा जितका राग आला तितका नोटीस वाचूनही आला नव्हता.

मला तो ईस्टर आठवतो. टेबलावर वरून साखरेची साय ओतलेला तो उंच पाव होता, आणि तू रुमालावर दोन चौकोन काढलेस. म्हणालास, "बाबा, लग्न केलंत की सरकार तुम्हाला एक धरणार. मग एकट्या म्हाताऱ्या बाईला मिळतो तो जादा भत्ता तिचा गेला. लग्न न करता एकत्र राहिलात तरी तेच. पण समजा, ती भाडेकरू असली तर? भत्ता चालू. शिवाय घर तापवायच्या भट्टीचा, बर्फ काढायचा खर्च तुम्हाला भाड्यातून वजा."

बाबांनी चौकोनांकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे पाप नाही. नुसतं भाडं."

सगळे हसलो. ती हसली की नाही, मला आठवत नाही. तिचे गाल त्या वेळी लाल झाले होते, पण ओव्हनजवळ उभी होती, त्यामुळे सांगता येत नाही.

त्यानंतर दर महिन्याच्या एक तारखेला ती चेक लिहायची, बाबा तो पतपेढीत भरायचे आणि तेवढीच रोकड आणून तिच्या एप्रनच्या खिशात टाकायचे. प्रत्येक वेळी तोच विनोद, "घरमालक खूश आहे हं." मला त्याचा वीट आला होता. बाबांवर माझं प्रेम होतं. त्यांच्या कोटाला अजून सॉसेजच्या धुरांड्याचा वास येतो आणि तो कोट मला धुववत नाही. पण ज्या बाईने त्यांच्या पायांना मलम लावलं, तिला त्यांनी थोड्या डॉलरसाठी अकरा वर्षं भाडेकरू म्हणवलं, हेही खरं आहे. एका माणसाबद्दल या दोन गोष्टी एकत्र कशा ठेवायच्या, ते मला अजून जमत नाही.

चर्चमधले वडीलधारे तरी काही बोलतील, असं मला तेव्हा वाटलं होतं. लग्नावाचून एका छताखाली राहणाऱ्यांना ते एरवी सोडत नाहीत. परवा माझ्या दुकानात औषध न्यायला आलेल्या योहान पेनरना मी विचारलं. ते आता वडीलधाऱ्यांमध्ये नाहीत, त्यामुळे मोकळं बोलतात. म्हणाले, "पोरी, कागदावर भाडेकरू होती ना? मग आमचीही सोय झाली. नाहीतर हेन्रीला जाब विचारावा लागला असता, आणि चर्चचं छप्पर तर त्यानेच घालून दिलेलं." एक खोटं दोन ठिकाणी कामाला आलं. मी त्यांची रक्तदाबाची गोळी बांधून दिली आणि मागच्या खोलीत जाऊन हात धुतले.

घराच्या विक्रीच्या कागदांवर तुझ्याबरोबर माझीही सही लागेल, असं तू लिहिलं आहेस. माझ्या लक्षात आहे.

आगाथा


९ फेब्रुवारी

वाल्डी,

काल तू फोनवर इतक्या मोठ्याने बोलत होतास की मला रिसीव्हर कानापासून दूर धरावा लागला. शांतपणे पुन्हा लिहून काढते. कुठे चुकलं तर सांग.

पतपेढीने तुला कळवलं की बाबांच्या निवृत्तीच्या फंडावर वारस म्हणून फ्रीडामावशीचं नाव आहे. दुकान विकल्यावर त्यांनी सगळं त्यातच ठेवलं होतं. नाव त्यांनी स्वतः जाऊन घातलं, तुला न विचारता. तू म्हणालास, "म्हाताऱ्याने मला न विचारता आयुष्यात एवढं एकच काम केलं आणि तेवढ्यात घोळ घातला!"

घोळ असा, जेवढा मला समजला. फंड तर तिलाच मिळणार. पण ती भाडेकरू, म्हणजे परकी. परक्या माणसाला फंड गेला की कायदा धरतो की बाबांनी मरायच्या क्षणी तो सगळा एकदम काढून घेतला. त्या सगळ्यावर त्यांच्या शेवटच्या वर्षाचा कर, आणि तो कर भरायचा उरलेल्या मालमत्तेतून, म्हणजे तुझ्या-माझ्या वाट्यातून. पैसे तिला, कर आपल्याला. आणि ती बायको असती तर? लग्न झालेली नसली तरी, एकत्र राहणारी जोडीदार म्हणून? तर फंड जसाच्या तसा तिच्या नावावर जातो, आज कुणालाच कर नाही, ती जसजसा काढेल तसतसा तीच भरेल.

मग तुझा आवाज एकदम मऊ झाला.

"आगाथा, तसं पाहिलं तर ती बाबांची बायकोच होती, नाही का?"

वाल्डी, मी दुकानात होते, समोर गिऱ्हाईक होतं. तेव्हा म्हणायचं राहिलं ते आता लिहिते. डिसेंबरात तू तिला खोलीबाहेर ठेवलंस, बाकावर जागा ठेवली नाहीस, वर्तमानपत्रात भाडेकरू म्हणून छापलंस, जानेवारीत नोटीस दिलीस. आणि फेब्रुवारीत ती आपली आई.

मी एवढंच विचारलं, की मग तिने इतकी वर्षं घेतलेल्या भत्त्याचं काय. तू म्हणालास, "तो तिला परत करावा लागेल. तिचा प्रश्न आहे. सही तिनेच केली होती ना दरवर्षी?" रुमालावरचे चौकोन तुझे होते, हे तू विसरलास.

तू सांगितलंस तसं शपथपत्र द्यायला माझी हरकत नाही, कारण त्यात खरं तेच लिहायचं आहे. फक्त नक्की काय काय लिहायचं ते तू तुझ्या शब्दांत लिहून, सही करून पाठव. ती बाबांची सर्वार्थाने जोडीदार होती, कुठल्या वर्षापासून, कुठे राहत होती, वगैरे. तुझंही शपथपत्र जोड. मी चुकीचं काही लिहिलं तर तुलाच त्रास होईल.

आणखी एक. तुझं काम सगळं अल्बर्टात, घर मॅनिटोबात. दोन प्रांतांचे नियम वेगळे असू शकतात. एकदा पाहून घे.

आगाथा


१६ मार्च

वाल्डी,

तुझं शपथपत्र आलं. चांगलं लिहिलं आहेस. 'माझे वडील व श्रीमती उंगर हे अकरा वर्षे पतिपत्नीप्रमाणे एकाच घरात, एकाच खोलीत राहत होते व आमचे संपूर्ण कुटुंब त्यांना तसेच मानत असे.' हे वाक्य मी दोनदा वाचलं. सोबतच्या चिठ्ठीत तू म्हणतोस की प्रांतांचं मी डोक्यात घेऊ नये, कर सगळ्या देशात एकच असतो. ठीक आहे.

फ्रीडामावशी मात्र सहजासहजी तयार झाली नाही. मी तुझं म्हणणं सांगितलं तेव्हा ती बटाट्यांना आलेले कोंब काढत होती. म्हणाली, "हेन्री जिवंत होता तेव्हा मी कोण होते?"

"भाडेकरू."

"आणि आता तो मेल्यावर मी बायको?"

"वाल्डी तसं म्हणतो."

"मग लग्नाचा केक कोण करणार? मीच ना?" ती हसली, मग सुरी खाली ठेवून रडली. अंत्यविधीला मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. तिथे तिला कॉफी द्यायची होती.

नंतर ती म्हणाली, "मला त्याच्या पैशांतलं काही नको. वाल्डीला सांग, मी सही करते, भत्ता फेडते आणि विंक्लरला जाते. उरेल ते त्याने घ्यावं." तुझ्याही चिठ्ठीत शेवटी तेच आहे, की फंड तिच्या नावावर झाला की तिने 'प्रेमाने' तो आपल्याला बक्षीस द्यावा. तुझं आणि तिचं एकमत आहे, असं तुला वाटेल. मी तिला म्हटलं, सही करायच्या आधी आपण एकदा वकिलाकडे जाऊ. तिने नवा स्कार्फ बांधला.

वकीलबाई तरुण आहेत, क्लासन यांची धाकटी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. फ्रीडामावशीने स्वतःहून सांगितलं, "बाई, मी अकरा वर्षं सरकारला खोटं सांगितलं. मला तुरुंगात घालतील का?" वकीलबाई म्हणाल्या, सरकारने पकडायच्या आधी आपण होऊन सांगितलं तर बहुधा मूळ रक्कम आणि व्याज एवढ्यावर भागतं. मग त्या आणखी बरंच काही बोलल्या. घरी येताना विंक्लरच्या त्या इमारतीवरून गाडी गेली तेव्हा फ्रीडामावशीने मान वळवून पाहिलं नाही.

साक्षीला याकोब हिबर्ट तयार आहे. म्हणतो, "शपथेवर? आनंदाने! मी तर वरच्या मजल्यावरच्या खिडकीत दोघांना एकाच वेळी भांडताना पाहिलंय. भाडेकरूशी कोण एवढं भांडतं?"

कागद तू सांगितलेस तसे जातील. तू निश्चिंत राहा.

आगाथा


२ मे

वाल्डी,

तुझे चार फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत. जे सांगायचं ते इथे लिहिते.

तुला हवं होतं ते झालं. फ्रीडामावशी बाबांची जोडीदार म्हणून नोंदली गेली. फंड तिच्या नावावर गेला, तुझ्या वाट्यावर त्याचा एक सेंटही कर नाही. तिने सरकारला स्वतःहून सगळं कळवलं आहे आणि भत्ता फंडातून हप्त्यांनी फेडणार आहे. कोणी सुचवलं, असं त्या फॉर्मवर विचारत नाहीत. तिनेही लिहिलं नाही. मी तिला म्हटलं होतं, लिही. तिने नाही म्हटलं.

आता घर. आपल्या प्रांताच्या कायद्याने, माणूस मेला की त्याचं राहतं घर त्याच्या जोडीदाराला हयातभर राहायला मिळतं, मृत्युपत्रात काही का लिहिलेलं असेना. लग्न झालेलं नसलं तरी, तीन वर्षं एकत्र राहिलेले असले की झालं. तुमच्या अल्बर्टात लग्न लागतं म्हणे. इथे लागत नाही. वकीलबाईंनी ते पहिल्याच दिवशी सांगितलं. मला त्याआधीच माहीत होतं. जानेवारीत नोटीस दिली त्याच आठवड्यात मी विचारून आले होते. पण तेव्हा तिची बाजू कागदावर कुठेच नव्हती. एका बाजूला तिच्या स्वतःच्या सहीचे अकरा वर्षांचे भाड्याचे चेक, दुसऱ्या बाजूला माझा एकटीचा शब्द. तुझं शपथपत्र आल्यावर त्या चेकांना अर्थ उरला नाही. संपूर्ण कुटुंब तिला तसंच मानत असे, हे वाक्य न्यायालयात तुझ्याच सहीने गेलं आहे.

तू याला फसवणूक म्हणतोस. मी तुझ्याकडून एकही खोटं वाक्य लिहून घेतलं नाही. बहुधा या अकरा वर्षांत बाबांच्या घराबद्दल तू सही केलेला हा एकमेव खरा कागद आहे.

माझाही अर्धा वाटा त्या घरात अडकला. मला चालतं. मी भाड्याच्या घरात राहते, खऱ्या भाड्याच्या.

फंडाचं बक्षीस ती देणार नाही. हे मी तिला शिकवलेलं नाही. वकीलबाईंकडून आल्यावर तिने बरेच दिवस विचार केला आणि मग एका सकाळी म्हणाली, "हेन्री स्वतः गाडी काढून पतपेढीत गेला होता, पाय सुजलेले असताना. त्याने तिथे माझं नाव सांगितलं. त्यांनी विचारलं असेल ना, ही कोण? आणि त्याने काहीतरी उत्तर दिलं असेल. काय दिलं असेल ते मला कधी कळणार नाही. पण ते मी विकणार नाही."

शेवटचा तुझा व्हॉइसमेल. तो मी ऐकला, आणि खरं सांगायचं तर त्याच्यासाठीच हे पत्र लिहायला बसले. नाहीतर काहीच लिहिलं नसतं. त्यात तू शांत आवाजात म्हणतोस, "ठीक आहे, हयातभर तर हयातभर. आगाथा, तिची औषधं तुझ्याच दुकानातून जातात ना? साधारण काय काय घेते ती? हृदयाचं वगैरे काही? म्हणजे मला पुढचं नियोजन करता येईल."

मी फोन टेबलावर ठेवला आणि खिडकी उघडली. एवढ्या वर्षांत मला कुणाबद्दल असं वाटलं नव्हतं. तू माझा भाऊ आहेस, आईने आपल्याला एकाच टबात अंघोळ घातली, आणि तुझा आवाज घरातून जायला हवा म्हणून मी बाहेरची थंडी आत घेतली.

औषधवाल्याने एकाची औषधं दुसऱ्याला सांगायची नसतात. पण मी फ्रीडामावशीला तुझा प्रश्न जसाच्या तसा ऐकवला आणि विचारलं, उत्तर देऊ का. ती बागेत वाटाणे पेरत होती. म्हणाली, "दे की. त्याला नियोजन करायचंय बिचाऱ्याला."

तेव्हा तिच्या परवानगीने कळवते. ती कुठलंच औषध घेत नाही. तिची आई अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी गेली, तीही सफरचंदाच्या झाडावरून पडून.

आगाथा